वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लक्ष्य-वजन कसे ठरवावे

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरचे, शेजारचे आणि आपले स्वतःचे मनही एकच प्रश्न विचारू लागते, तो म्हणजे आता किती किलोवर येणार? उत्तर बहुधा उंचीच्या तक्त्यातून उचललेले असते आणि तिथेच पुढच्या निराशेचे बी पेरले जाते. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करण्याची शस्त्रक्रिया, झाली तेव्हा माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०८ किलो होते. तपासणीच्या वेळी यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर 'आदर्श वजन ५७ किलो' असे छापून आले. ती चिठ्ठी मी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली. दीड वर्षाने माझा काटा ७८ वर स्थिरावला. रक्तदाबाची गोळी सुटली होती आणि कितीतरी वर्षांनी मी पंगतीत मांडी घालून जेवले होते. तरीही रोज सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी गेले की मला दिसायचे ते उरलेले २१ किलो. तो ५७ चा आकडा कोठून आला आणि तो माझ्या शरीराला लागू आहे का, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. माझी ती दोन वर्षे जशी गेली तशी दुसऱ्या कोणाची जाऊ नयेत, यासाठी लक्ष्य ठरवण्याची रीत येथे सविस्तर मांडत आहे.

तक्त्यातला आकडा कशासाठी असतो

उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा केले की 'योग्य वजन' मिळते, हे सूत्र आपल्याकडे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४३ मध्ये आणि सुधारून १९८३ मध्ये वजनाचे तक्ते काढले. विमाधारकांपैकी कोणत्या वजनाचे लोक अधिक जगतात, यावर ते आधारलेले होते. बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांच्या एकोणिसाव्या शतकातील गणितातून आला आणि १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. ही सारी मोजमापे मोठ्या लोकसमूहाकडे पाहण्यासाठी आहेत. वीस-पंचवीस वर्षे शंभर किलोंच्या वर वजन वाहिलेले शरीर शस्त्रक्रियेनंतर कोठे स्थिरावेल, हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेलाच नाही. अशा शरीरात चरबी जास्त असते, तसेच तो भार पेलण्यासाठी वाढलेले स्नायूही जास्त असतात, आणि वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या त्वचेचे वजन वेगळेच राहते. म्हणून अशा व्यक्तीचे ७५ किलो आणि आयुष्यभर सडपातळ राहून अलीकडे सुटलेल्या व्यक्तीचे ७५ किलो यांची तुलना होऊ शकत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक पेच आहे. भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरही गाठतात, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा असे मानले जाते, तर पाश्चात्त्य मापात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. याचे कारण पुण्यातल्या एका जोडछायाचित्रातून जगासमोर आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांची मापे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की भारतीय रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर २३ च्या खाली यायलाच हवे. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. धोका कोठून सुरू होतो हे २३ ची रेघ सांगते, ४३ बीएमआयवरून निघालेले शरीर कोठे पोहोचू शकते हे ती सांगत नाही. त्या दोन छायाचित्रांतून घ्यायचा धडा एवढाच की काट्याबरोबर कंबरेला टेपही लावला पाहिजे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची धोक्याची रेषा मानतात, आणि कंबर उतरते आहे याचा अर्थ सर्वांत घातक असलेली पोटातली चरबी उतरते आहे.

हिशेब सुरुवातीच्या वजनापासून करा

आता प्रत्यक्ष रीत पाहू. वही घ्या आणि सुरुवातीचे वजन लिहा. येथेच पहिली गफलत होते, कारण शस्त्रक्रियेआधी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून बहुतेक ठिकाणी दोन आठवडे द्रवाहार किंवा अत्यल्प उष्मांकांचा आहार देतात आणि त्यातच तीन-चार किलो उतरू शकतात. सुरुवात कोणत्या दिवशीच्या वजनापासून धरायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा, म्हणजे पुढे त्यांची टक्केवारी आणि तुमची टक्केवारी यांत फरक पडणार नाही.

त्यानंतर सुरुवातीच्या एकूण वजनाचे २०, २५ आणि ३० टक्के काढा. स्लीव्हनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनंतर (हृदयाचा नव्हे, जठराचा बायपास, ज्यात जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात) साधारण ३० टक्के वजन उतरते. निम्मे लोक याच्या वर असतात आणि निम्मे खाली, हे विसरू नका. २० टक्क्यांच्या वर घट झाली तर शस्त्रक्रियेला शरीराने चांगला प्रतिसाद दिला, असे आता तज्ज्ञ मानतात. माझ्या आकड्यांवर हे करून पाहा. १०८ किलोंचे २० टक्के म्हणजे २१.६, तेव्हा उरलेले वजन ८६ किलोंच्या आसपास येते. २५ टक्के उतरले तर ८१ आणि ३० टक्के उतरले तर ७५.६ किलो राहतात. या शेवटच्या आकड्यावरसुद्धा माझा बीएमआय ३०.३ भरतो, म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम यशस्वी होऊनही तक्त्याच्या भाषेत मी लठ्ठच राहते. हे वाक्य शस्त्रक्रियेआधी मला कोणी ऐकवले असते, तर फ्रिजवरची ती चिठ्ठी मी त्याच दिवशी काढून टाकली असती.

रुग्णालयात तुम्हाला दुसरीही टक्केवारी ऐकायला मिळेल, ती म्हणजे 'एक्सेस वेट'ची, अर्थात जादा वजनापैकी किती गेले याची. बीएमआय २५ ला जे वजन येते ते मूळ धरून त्यावरचे सगळे जादा, असा तिचा हिशेब असतो. माझ्या उंचीला २५ चे वजन ६२.४ किलो येते, म्हणून जादा वजन ४५.६ किलो झाले. त्यातले २७ किलो गेले तर ५९ टक्के गेले असे म्हणतात. पण हेच मूळ कोणी बीएमआय २३ वर धरले तर जादा वजन ५०.६ किलो होते आणि तेच २७ किलो ५३ टक्के ठरतात. शरीरात कणभरही फरक न पडता निकाल सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की ती एकूण वजनाची की जादा वजनाची आणि मूळ कोणते धरले, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारा. दुसऱ्या रुग्णाशी तुलना करताना तर हे फार जपावे लागते, कारण १५० किलोंवरून निघालेली व्यक्ती किलोंमध्ये जास्त उतरते आणि जादा वजनाच्या टक्केवारीत बहुधा मागे राहते.

वयाचा आणि मधुमेहाचाही विचार करा. वय जास्त असेल, अनेक वर्षांचा मधुमेह असेल आणि विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर घट थोडी कमी होते. स्टेरॉइड आणि मानसिक आजारावरची काही औषधे वजन धरून ठेवतात. अशा वेळी २५ ऐवजी २० टक्क्यांचा आकडा मधला धरणे योग्य ठरते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सर्वांत कमी वजन म्हणजे टिकणारे वजन नव्हे

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते चोवीस महिन्यांत काटा त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर जातो आणि नंतर बहुतेकांचा थोडा वर येतो. लक्ष्य ठरवायचे ते या वर आलेल्या, स्थिरावलेल्या वजनाचे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून लठ्ठपणाच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू आहे. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहाव्या वर्षी ती घट २५ टक्के उरली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन या साऱ्या काळात दोन-तीन टक्क्यांच्या आतच खालीवर होत राहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांचा सुरुवातीचा सरासरी बीएमआय ४२ च्या आसपास होता, तेव्हा दहा वर्षांनंतरही सरासरीने ते तक्त्यातल्या 'नॉर्मल' रेषेच्या बरेच वर होते. तरीही त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. आयुष्य वाढण्यासाठी तक्त्यातला आकडा गाठावा लागला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या २४० रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनी जादा वजनापैकी गेलेला मधला आकडा स्लीव्हमध्ये सुमारे ४४ टक्के आणि बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के होता, आणि दोन्हीकडे कोणाचे दोन टक्के तर कोणाचे शंभराच्याही वर गेलेले होते. ४४ टक्क्यांचा आकडा माझ्यावर लावला तर ८८ किलो येतात. मी आज सातव्या वर्षी ८३ वर आहे.

वजन थोडे परत येण्यामागे सैल वागणे हेच एक कारण नसते. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात त्यात भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, म्हणून सुरुवातीचे महिने भुकेची आठवणही होत नाही. पण उतरलेले शरीर विश्रांतीतही पूर्वीपेक्षा कमी उष्मांक जाळते, उरलेले जठर हळूहळू थोडे सैलावते आणि भूक परतते. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांतल्या उताराची रेघ तशीच पुढे ओढून 'दोन वर्षांत मी ५५ वर' असा हिशेब करू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा दहा-पंधरा दिवस हलत नाही, त्यावरून शस्त्रक्रिया फसली असाही निष्कर्ष काढू नये. हे दोन्ही अंदाज मी त्याच वहीत, अवघ्या पाच महिन्यांच्या अंतराने लिहिलेले आहेत.

एका आकड्याऐवजी पल्ला ठरवा

म्हणून माझा आग्रह आहे की लक्ष्य हा एक आकडा नसावा, पल्ला असावा. माझ्या बाबतीत तो ७८ ते ८६ किलो असा ठरला. खालचे टोक म्हणजे सक्ती आणि उपासमार न करता मी जिथपर्यंत पोहोचले ते वजन, आणि वरचे टोक म्हणजे २० टक्के घटीची रेघ. या पल्ल्याच्या आत काटा दोन किलो वर गेला तर मी काहीही वेगळे करत नाही. गणपतीच्या दिवसांत मोदक होतात, दिवाळीत फराळ होतो, पाळीच्या आधी अंगात पाणी साठते, आणि हे सारे येते तसे जाते. वरच्या टोकाच्या पुढे वजन सलग दोन-तीन महिने सरकत राहिले तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जायचे असते. तेथे आहाराची फेरमांडणी, औषधे आणि गरज पडल्यास पुढचे उपाय, असे सगळे मार्ग उघडे असतात. लाजेपोटी तपासणी चुकवणारी माणसे मी फार पाहिली आहेत आणि त्यांचेच नुकसान सर्वांत मोठे झालेले आहे.

पल्ल्याचे खालचे टोक ठरवताना प्रामाणिक राहा. त्या वजनावर राहण्यासाठी तुम्हाला काय करावे लागते ते पाहा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जात असतील, जीवनसत्त्वांच्या गोळ्या नियमित घेतल्या जात असतील, आणि घरात सर्वांसाठी झालेल्या स्वयंपाकातूनच, म्हणजे आधी उसळ, अंडे, पनीर किंवा मासे आणि शेवटी जागा उरली तर अर्धी भाकरी अशा क्रमाने, तुमचे जेवण होत असेल, तर ते वजन तुमचे आहे. पण ते टिकवायला जेवण टाळावे लागत असेल, वारंवार उलटी होत असेल, चक्कर येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा केस गळायचे थांबतच नसतील, तर ते वजन तुमच्यासाठी फार कमी आहे किंवा पोषणात कुठेतरी उणीव राहिली आहे, आणि दोन्ही शक्यतांमध्ये रक्ततपासणी लगेच करून घ्यावी. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असू शकतो. प्रथिने कमी पडली आणि व्यायाम झाला नाही तर हा हिस्सा वाढतो. काट्याला दोन किलो स्नायू आणि दोन किलो चरबी यांतला फरक कळत नाही, तो जिना चढताना मांड्यांना कळतो.

पल्ल्याच्या शेजारी वहीत आणखी काही नोंदी ठेवा, कारण शस्त्रक्रिया मुळात त्यांच्यासाठी केलेली असते. कंबरेचे माप, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चालू गोळ्यांची संख्या या नोंदी दर तपासणीला व्हाव्यात. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर मशीन लागते की नाही हेही लिहावे, पण ते बंद करण्याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. गुडघेदुखी असेल तर एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पंचवीस किलो उतरलेल्या माणसाच्या गुडघ्याला ७५ आणि ८० यांतला वाद क्षुल्लक वाटेल. पाच-दहा टक्के घटीतही रक्तदाब आणि साखर सुधारू लागतात, म्हणजे या वहीतली सुखद पाने काट्याच्या आधीच भरू लागतात.

पल्ला कधी बदलावा आणि कोणाला सांगावा

शस्त्रक्रियेआधी ठरवलेला पल्ला कच्चा समजावा. सहा महिन्यांनी त्याकडे एकदा पाहावे, बाराव्या महिन्यात डॉक्टरांबरोबर बसून तो नीट करावा आणि दोन वर्षांनी, काटा सहा महिने साधारण एका जागी राहिल्यावर, पक्का करावा. गरोदरपणाचा विचार असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायचे असते, आणि नंतर बाळंतपण झाले की पल्ला नव्याने ठरवायचा असतो. लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर तीही वजन स्थिर झाल्यावरच करतात, आणि तिच्यानंतर काढलेल्या त्वचेइतका आकडा पल्ल्याच्या दोन्ही टोकांतून वजा करावा, नाहीतर वजन वाढलेले लक्षातच येत नाही.

घरच्यांना पल्ला आधीच सांगून ठेवावा, ही सूचना मी आवर्जून करते. आपल्याकडे वजन उतरलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी ऐकावे लागते. सहाव्या महिन्यात आत्या म्हणते, "अगं, चेहरा किती उतरला, आता बास कर," आणि तिसऱ्या वर्षी लग्नघरी तीच विचारते, "परत भरलीस की काय?" दोन्ही वेळा तिच्या बोलण्यात माया असते आणि दोन्ही वेळा मन ढवळून निघते. "डॉक्टरांनी ७८ ते ८६ सांगितलंय आणि मी त्यातच आहे, आत्या," हे उत्तर तयार असले की विषय तिथेच संपतो आणि वाढणारीही पानात दुसरी पुरणपोळी टाकताना विचारून टाकते.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर आणि शक्यतो त्याच कपड्यांत करावे, आणि काटा सपाट फरशीवर ठेवावा. पुढच्या तपासणीला जाताना वहीच्या एका पानावर सुरुवातीचे वजन, त्याची २०, २५ आणि ३० टक्के घट, आजचे वजन, कंबर आणि चालू औषधे एवढे लिहून न्या आणि डॉक्टरांना विचारा की माझे वय, माझा आजार आणि माझी शस्त्रक्रिया पाहता पाच वर्षांनंतर मी कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असावे, असे तुम्हाला वाटते. ते जे दोन आकडे सांगतील ते तारखेसह त्याच पानावर त्यांच्यासमोर लिहून घ्या. माझ्या फ्रिजवर आता तसे पान आहे. त्यावर ७८, ८६ आणि खाली लाल शाईत कंबरेचे माप आहे.